चोवीसचा ट्रक, बाराची ट्रॉली: इंदूरमधल्या एका वायरिंगची पूर्ण केस

मी इंदूरला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, जास्त करून ट्रक आणि बस. ही केस एका जनरेटर भाड्यानं देणाऱ्या मालकाची आहे, त्यांचं नाव लिहीत नाही, मी त्यांना दादा म्हणतो तेच इथेही म्हणतो. आर्मी डिस्पोजलची, म्हणजे सैन्यानं वापरून लिलावात काढलेली गाडी घेऊन तिला साधी बारा व्होल्टची ट्रॉली जोडणारे लोक आपल्याकडे वाढलेत, मऊ (महू) जवळ असल्यानं असेल, आणि त्यातले बरेच जण तीच चूक करतात जी इथे आधी झाली होती, म्हणून सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

दादांकडे जनरेटरच्या ट्रॉल्या आहेत, दोन चाकी, वर साउंडप्रूफ कॅनोपी, वजन टनाच्या वर. लग्नं, सभा, गणपतीत अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक), आणि नर्मदेकडे बडवाह, ओंकारेश्वर, महेश्वरला कार्यक्रम असतात ते. वर्षानुवर्षं ह्या ट्रॉल्या पिकअपनं ओढल्या. पण पावसाळ्यात शेतातला कार्यक्रम असला की माळव्यातली काळी माती पिकअपला सोडत नाही, दोन वेळा ट्रॅक्टर बोलवून गाडी काढावी लागली, आणि सिमरोलच्या घाटात चढताना पिकअपचा जीव जायचा.

म्हणून त्यांनी लिलावातून आलेला एक स्टॅलियन, म्हणजे सैन्याचा ट्रक घेतला, फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद). जबलपूरच्या वाहन कारखान्यात ह्या गाड्या सैन्यासाठी तयार व्हायच्या. कागदपत्रांचं त्यांनी आधीच नीट केलं होतं, सैन्याच्या गाड्यांची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली वेगळी असते, ती गाडी बाहेर आली की आपल्यासारखी आरटीओत नोंदवायला लागते. आणि रंगही बदलला होता, कारण केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाडीलाच चालतो. तर गाडी आता निळी.

कोणी विचारेल जनरेटर सरळ ट्रकच्या हौद्यातच का नाही चढवला. चढवता येतो, पण प्रत्येक वेळी दोन्हीकडे क्रेन लागते आणि लग्नाच्या मैदानात क्रेन कुठून आणणार. ट्रॉली सोडली की ट्रक मोकळा, दुसऱ्या ट्रॉलीला जातो. हुकची उंची आणि ट्रॉलीची रिंग हे काम एका फॅब्रिकेशनवाल्यानं करून दिलं होतं, ते चांगलं होतं, त्यात मी शिरत नाही.

आणखी एक माणूस ह्या केसमध्ये महत्त्वाचा, दादांचे शेजारी, ईएमईमधून, म्हणजे सैन्याच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेतून निवृत्त झालेले हवालदार काका. त्यांनी ह्या जातीच्या गाड्या उघडून परत बांधलेल्या आहेत. ते नसते तर मला दुप्पट वेळ लागला असता हे मी मनापासून सांगतो.

नेमकी अडचण काय होती

ट्रकची वायरिंग चोवीस व्होल्ट, म्हणजे बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. यात मिलिटरीचं असं काही खास नाही, आपले सिव्हिलचे मोठे ट्रकसुद्धा चोवीसचेच असतात, तेवढ्याच वॉटला करंट निम्मा लागतो, वायर बारीक चालते, मोठ्या डिझेल इंजिनचा सेल्फ (स्टार्टर) जोरात फिरतो. ट्रॉलीचे दिवे मात्र बारा व्होल्टचे, कारण ती पिकअपसाठी बनवलेली.

पहिल्या दिवशी ड्रायव्हरनं ट्रॉलीची वायर सरळ ट्रकच्या मागच्या दिव्यांना जोडली. इंजिन चालू असताना अठ्ठावीसच्या आसपास व्होल्ट येतात, बाराच्या बल्बला दुप्पटहून जास्त व्होल्टेज मिळालं की वॉट चौपटीच्या पुढे जायला बघतात, बल्ब क्षणभर पांढरे झाले आणि गेले. सगळे.

मग रस्त्यावरच्या एका मिस्त्रीनं उपाय केला, दोन बॅटऱ्यांच्या मधल्या पट्टीवरून एक वायर काढली. तिथे बॉडीच्या हिशेबानं बरोबर बारा व्होल्ट मिळतात. इंडिकेटर आणि ब्रेकसाठी त्यानं साधे रिले (कॉइलला थोडा करंट मिळाला की कॉन्टॅक्ट जोडणारे स्विच) लावले आणि ट्रॉली लागली. दोन महिने छान चाललं, म्हणूनच हा उपाय एवढा लोकप्रिय आहे, लगेच काही बिघडत नाही.

मग एकदा पहाटे बडवाहला सेल्फच फिरला नाही. ट्रॉलीत जनरेटर, समोर ट्रक, आणि ट्रक चालू करायला दुसऱ्या ट्रकची वाट बघत दोन तास. दादा मला फोनवर एवढंच म्हणाले, "अरे, दोन्ही बॅटऱ्या नव्या होत्या रे, दिवाळीसुद्धा पाहिली नाही त्यांनी."

आणि तिसरी गोष्ट, जी मला ऐकून खरी भीती वाटली. एका संध्याकाळी तेजाजी नगरच्या पुढे ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि मागून मोटरसायकलवाला ट्रॉलीला घासून गेला. त्याचं म्हणणं ब्रेक लाइट लागलाच नाही. ड्रायव्हरचं म्हणणं निघताना चेक केला होता, लागत होता. दोघंही खरं बोलत होते हे नंतर कळलं.

मोजणी

गाडी आली तेव्हा मी एकही वायर कापली नाही, पहिला अख्खा दिवस फक्त मोजण्यात घालवला. दादा दोनदा येऊन विचारून गेले, "सुरू केलं का?" मी म्हटलं हेच सुरू आहे.

बॅटरीचं आधी. इंजिन चालू, एकूण अठ्ठावीस व्होल्ट, अल्टरनेटर एकदम बरोबर. पण वेगवेगळं मोजलं तर खालच्या बॅटरीवर, म्हणजे जिचं निगेटिव्ह बॉडीला आहे तिच्यावर, १२.९ आणि वरच्या बॅटरीवर १५.१. इथेच सगळं उघडं पडतं. दोन बॅटऱ्या एका रांगेत असल्या की चार्जिंगचा करंट दोघींना सारखाच मिळतो, पण ट्रॉली फक्त खालच्या बॅटरीतून खाते. म्हणजे खालची कायम उपाशी आणि वरची आधीच भरलेली असून तिच्यात अजून ओतणं चालू. रेग्युलेटरला बिचाऱ्याला फक्त बेरीज दिसते, अठ्ठावीस आहे ना, मग ठीक. वरच्या बॅटरीची झाकणं उघडली तर पाणी प्लेटच्या खाली गेलेलं, वरच्या कडा कोरड्या आणि पांढरट, आणि खालच्या बॅटरीत हायड्रोमीटरचा (ॲसिडवरून चार्ज मोजायच्या नळीचा) तरंगा लालच्या वर यायला तयार नाही. एक तहानेनं मेली, एक भुकेनं.

मग ट्रकच्या मागचं मूळ मिलिटरी सॉकेट, बारा पिनांचं, जाड झाकण, स्प्रिंगवालं. दादांची इच्छा होती की तेच वापरावं, आयतं आहे. मीटर लावलं तर ब्रेकच्या पिनवर चोवीस व्होल्ट व्यवस्थित. पण टेस्ट लॅम्प लावला तर नुसती लाल रेघ, उजेड नाही. हे नवीन पोरांना मी नेहमी सांगतो, मीटर करंट ओढतच नाही, एका तारेवर तग धरून असलेली कुजकी वायरसुद्धा त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवते. बल्ब लावून बघितल्याशिवाय वायर चांगली म्हणायची नाही.

आणि मग तो ब्रेक लाइट. हवालदार काका केबिनमध्ये बसले, डॅशवरच्या लाइटच्या स्विचकडे बघितलं आणि म्हणाले, "हा कुठल्या पोझिशनला असतो तुमच्या ड्रायव्हरचा?" ड्रायव्हर म्हणाला कुठल्याही, पार्किंग लाइटसाठी फिरवतो. काकांनी स्विच कॉन्व्हॉयच्या खाचेत टाकला आणि मला ब्रेक दाबायला लावला. मागे अंधार. ट्रकचे ब्रेक लाइटही नाहीत आणि ट्रॉलीचेही नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सैन्याच्या गाड्यांना रात्री ताफ्यात दिवे न दाखवता चालता यावं म्हणून वेगळी सोय असते. मागच्या डिफरन्शियलवर पांढरा गोल रंगवलेला असतो आणि त्यावर एक बारीक दिवा पडतो, मागच्या ड्रायव्हरनं तेवढा गोल बघून अंतर राखायचं. त्या पोझिशनला नेहमीचे दिवे, ब्रेकसकट, मुद्दाम कापलेले असतात. सीमेवर ते बरोबर आहे, इंदूर-खंडवा रोडवर तो जीवघेणा प्रकार आहे. ड्रायव्हरनं अंधार पडताना पार्किंग समजून स्विच एक खाच जास्त फिरवला होता, बस एवढंच.

पर्याय, आणि कोणता का सोडला

रात्री आम्ही तिघं बसलो. पहिला प्रश्न मी दादांना विचारला तो हा, की बदलायचं काय, ट्रक की ट्रॉली? कारण उत्तर त्यावरच आहे.

ट्रॉली बदलायची तर सगळ्यात सोपं म्हणजे तिचे बल्ब चोवीसचे टाकायचे, ट्रान्सपोर्ट नगरात कुठल्याही दुकानात मिळतात. पण तीच ट्रॉली उद्या पिकअपला लागली की तेच बल्ब मिणमिणतील, वॉट तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतात आणि उजेड त्याहूनही कमी. ड्रायव्हरला वाटेल लागतोय, मागच्याला दिसणार नाही. दुसरं, दहा ते तीस व्होल्टवर चालणारे एलईडी दिवे, ते दोन्ही गाड्यांवर सारखेच लागतात. खरं सांगतो, एकच ट्रॉली असती तर मी एलईडी लावून दुसऱ्या दिवशी गाडी दिली असती. पण दादांच्या ट्रॉल्या अनेक आणि सीझनमध्ये दुसऱ्यांच्याही भाड्यानं येतात, लाइट टॉवरवाल्या वगैरे, सगळ्या साध्या बल्बच्या. दुसऱ्याच्या ट्रॉलीचे दिवे आपण बदलू शकत नाही. म्हणजे ट्रकच बदलायचा.

ट्रकमध्ये काय काय करता येतं? एका ओळखीच्या मिस्त्रीनं सुचवलं की डावा-उजवा ब्रेक बल्ब सिरीजमध्ये जोडा, दोन बारा मिळून चोवीस. खरंय, पण एक गेला की दोन्ही गेले, आणि ब्रेक लाइटच्या बाबतीत असला धोका मी घेत नाही. रेझिस्टन्स लावून व्होल्टेज पाडायचं? एकवीस वॉटचे दोन बल्ब म्हणजे साडेतीन अॅम्पियर, आणि पाडायचे पंधरा-सोळा व्होल्ट, म्हणजे पन्नासहून जास्त वॉट नुसती उष्णता, बल्बांपेक्षा रेझिस्टन्सच जास्त तापणार. त्यात एक बल्ब गेला की करंट निम्मा होतो, रेझिस्टन्सवर व्होल्टेज कमी पडतं आणि उरलेल्या बल्बवर जास्त येतं, तोही जातो.

मधल्या पट्टीवरून बारा घ्यायचे आणि वर इक्वलायझर लावायचा, हा पर्याय वाईट नाही, बसमध्ये वापरतात, तो दोन्ही बॅटऱ्या सारख्या ठेवतो. पण इक्वलायझर बिघडला तर ट्रॉली तरी लागतच राहते आणि परत तोच रोग गुपचूप सुरू होतो, कळतं तेव्हा बॅटऱ्या गेलेल्या असतात. त्याऐवजी चोवीसचा बारा करणारा कन्व्हर्टर लावला आणि तो बिघडला तर ट्रॉलीचे दिवेच जातात, निघतानाच कळतं. जी गोष्ट बिघडल्यावर लगेच दिसते ती मला जास्त पटते.

तर ठरलं ते असं. चोवीसचा बारा करणारा डीसी कन्व्हर्टर पूर्ण चोवीसवर लावायचा, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या सारख्या खातील. आणि ट्रकच्या दिव्यांकडून ट्रॉलीकडे करंट न्यायचा नाही, फक्त निरोप न्यायचा. चोवीसच्या कॉइलचे रिले, कॉइलला ट्रकचा सिग्नल, कॉन्टॅक्टवर कन्व्हर्टरचे बारा. कॉइल मिलिअँपमध्ये घेते, ट्रकच्या फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला) मागे ट्रॉली आहे हे समजतच नाही, त्यामुळे टिकटिक तेज-मंद होण्याचा प्रश्न नाही.

सॉकेटवर थोडा वाद झाला. काका म्हणाले मूळ सॉकेट साफ करू, होईल. मी म्हटलं काका, होईल, पण त्यावर चोवीस असतात हे जगजाहीर आहे, उद्या कोणी खरी चोवीसची ट्रॉली लावेल तर? शेवटी मूळ सॉकेट जसंच्या तसं ठेवलं, वायर न कापता, आणि बाजूला नवीन सात पिनांचं बाराचं सॉकेट. सात पिनांमध्येही दोन जाती आहेत, बाराची आणि चोवीसची, दिसायला सारखी पण मधली पिन उलट-सुलट असते म्हणून एकमेकांत बसत नाहीत, ही सोय मुद्दामच केलेली आहे. बाजारात स्वस्त माल घेताना तेवढं तपासून घ्यावं. पिनाही स्टँडर्डप्रमाणेच लावल्या, १ डावा इंडिकेटर, ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा टेल, ६ ब्रेक, ७ डावा टेल, २ रिकामी. पिकअपवरची ट्रॉली तशीच येऊन लागली पाहिजे.

काय काय केलं

आधी हिशेब. ब्रेक ४२ वॉट, हॅझार्डमध्ये दोन्ही इंडिकेटर ४२, टेल १०, नंबर प्लेट ५, चार साइड मार्कर २०. मिळून ११९ वॉट, म्हणजे बारावर दहा अॅम्पियर. मी जेल रोडवरून दहाचाच कन्व्हर्टर आणला, आणि ही माझी चूक होती. बल्बची तार थंड असते तेव्हा पहिल्या क्षणी नेहमीच्या आठ-दहा पट करंट घेते. हॅझार्ड चालू असताना ब्रेक मारला की कन्व्हर्टर घाबरून स्वतःला आवरायचा आणि अर्धा सेकंद सगळेच दिवे बुडायचे. ब्रेक मारल्याच्या नेमक्या त्या अर्ध्या सेकंदात. तो परत केला आणि वीसचा आणला. वीस अॅम्पियर पूर्ण भारावर चोवीसकडून तेरा-एक अॅम्पियर घेतो, म्हणून बॅटरीजवळ पंधराचा फ्यूज आणि चार स्क्वेअर एमएमची वायर. कन्व्हर्टर सीटमागे पत्र्याला घट्ट बोल्ट केला, म्हणजे ताप पत्र्यात जातो आणि चिखल-पाणी लागत नाही.

कन्व्हर्टर गाडी बंद असतानाही थोडं थोडं खात राहतो, म्हणून त्याला चावीवरच्या रिलेनं चालू करायचं ठरलं. पण मग रस्त्यात गाडी बंद पडली, चावी काढली, तर ट्रॉलीचे हॅझार्डच बंद. हे काकांनी पकडलं, मी नाही. मग त्या रिलेला दोन डायोडमधून (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे) दोन ठिकाणांहून सप्लाय दिला, एक चावीचा, एक हॅझार्डच्या स्विचमधल्या मोकळ्या कॉन्टॅक्टचा, म्हणजे दोघांपैकी काहीही चालू असलं तरी कन्व्हर्टर जागा.

कट-ऑफ स्विचचंही, म्हणजे बॅटरी गाडीपासून तोडणाऱ्या स्विचचं, एक बघायचं असतं. ह्या गाडीत तो निगेटिव्हच्या बाजूला होता. कन्व्हर्टरची अर्थ जर सरळ बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला नेली असती तर कट-ऑफ केला तरी गाडी त्या वायरमधून जिवंत राहिली असती, आणि कोणी त्या स्थितीत सेल्फ मारला असता तर सेल्फचा शेकडो अॅम्पियरचा करंट त्या बारीक वायरमधून परत जायला बघितला असता. म्हणून अर्थ चासीला, कट-ऑफच्या पुढे.

ब्रेकचा सिग्नल मागच्या दिव्यावरून न घेता सरळ ब्रेकच्या प्रेशर स्विचवरून घेतला, म्हणजे डॅशवरचा मिलिटरी स्विच कुठेही असो, पाय पडला की ट्रॉलीचा ब्रेक लागणारच. ट्रकच्या स्वतःच्या ब्रेक लाइटचंही तसंच केलं. दादा म्हणत होते तो कॉन्व्हॉयचा स्विचच काढून फेका. काकांचा चेहरा पडला. म्हणाले, "काढू नका, ती गाडीची मूळ वस्तू आहे, मी बंदोबस्त करतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी ॲल्युमिनियमची छोटी पट्टी घासून आणली, दोन स्क्रूनं स्विचच्या खाली अशी बसवली की लीव्हर कॉन्व्हॉयच्या खाचेपर्यंत जातच नाही. स्विच जागेवर, धोका बंद.

पहिली चाचणी

वर्कशॉपमध्ये सगळं लागलं. पाइपनं पाणी मारून बघितलं, तरी लागलं. मग अंधार पडताना सिमरोल घाटात घेऊन गेलो, मी मागे मोटरसायकलवर. तिसऱ्या वळणाला ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि ट्रॉलीचे ब्रेक लाइट लागले खरे, पण पिवळट, आणि त्याबरोबर टेलचे दिवेही मंदावले.

असं दिसलं की दुसरीकडे शोधायचं नाही, अर्थ गेलेली असते. करंटला परतीची वाट नीट मिळत नाही म्हणून त्या वाटेवरचे सगळेच दिवे एकदम मंदावतात. ट्रॉलीच्या जुन्या वायरिंगमध्ये अर्थची वायरच नव्हती, हुक आणि रिंगमधूनच काम चालायचं, आणि नवीन हुकला भरपूर ग्रीस होतं. मागच्या होल्डरवर ब्रेक दाबून १०.६ व्होल्ट मिळाले. बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार झपाट्यानं पडतो, व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो, आणि बारामध्ये दीड व्होल्ट जाणं म्हणजे चोवीसमध्ये तीन जाण्यासारखं.

ट्रॉलीत सॉकेटच्या तीन नंबरपासून शेवटच्या दिव्यापर्यंत चार एमएमची वेगळी अर्थ ओढली. ट्रकच्या बाजूला अर्थ पॉइंट करायला मी चासीवर चाकूनं रंग खरवडायला बसलो, वरचा निळा निघाला, त्याखाली ऑलिव्ह ग्रीन, त्याखाली अजून एक थोडा वेगळा ग्रीन, मग विटकरी प्रायमर, आणि मग चकचकीत लोखंड. काका बाजूला उकिडवे बसून बघत होते, म्हणाले, "दोनदा बेस वर्कशॉपला जाऊन आलीय ही." तिथे दातेरी वॉशर, लग, बोल्ट आणि वरून व्हॅसलीन. परत मोजलं, मागच्या होल्डरवर १२.७.

निकाल

बॅटऱ्या दोन्ही नव्या घ्याव्या लागल्या, एक नवी एक जुनी असं चालत नाही, रांगेत जुनी असली की नवीलाही ओढते. महिन्यानं मोजलं, १४.० आणि १४.०, पाणी सारखं. सगळं सामान मिळून खर्च त्या वाया गेलेल्या दोन बॅटऱ्यांपेक्षा बराच कमी होता, ही गोष्ट दादांना जास्त लागली.

मग आली अनंत चतुर्दशी. इंदूरची झांक्यांची मिरवणूक रात्रभर चालते हे बाहेरच्यांना सांगावं लागतं, गिरण्यांच्या काळापासूनची रीत आहे. ट्रक पायी चालण्याच्या वेगानं, मागे जनरेटर, आणि हॅझार्ड सतत चालू. पहाटे दादांचा फोन, डावा इंडिकेटर लुकलुकत नाही, नुसता पेटून बसलाय. जाऊन बघितलं तर रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटलेला. तेव्हा मी हिशेब केला जो आधी करायला हवा होता. मिनिटाला नव्वद वेळा, सहा तास, म्हणजे ३२,४०० वेळा टकटक एका रात्रीत. साध्या रिलेचं आयुष्य भार असताना लाखभर टकटकींच्या हिशेबानं धरतात, आणि इथे प्रत्येक वेळी गरम-थंड होणाऱ्या तारेचा झटका. रोजच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं टिकला असता, पण ही गाडी रोजच्या रस्त्याची नाहीच, आणि ते मला पहिल्या दिवशी सांगितलेलं होतं, झांक्या म्हणून. दोन्ही इंडिकेटरना सॉलिड स्टेट रिले लावले, त्यात हलणारं काहीच नाही. ब्रेक आणि टेलचे साधेच ठेवले, त्यांना एवढं काम नसतं.

त्यानंतर एक पूर्ण सीझन झाला. दोन वेळा दुसऱ्याची ट्रॉली लावली, दोन्ही वेळा तशीच लागली.

आता केलं असतं तर

पहिलं, मी दुसऱ्याच दिवशी दादांच्या स्वतःच्या ट्रॉल्यांना एलईडी लावायला लावले असते, ट्रकचं काम होईपर्यंत वाट न बघता. मी ट्रक की ट्रॉली असा एकच पर्याय निवडायचा समजून बसलो, पण ते दोन्ही करता येण्यासारखं होतं. नंतर लावलेच, आणि भार ११९ वॉटवरून विसाच्या आत आला, कन्व्हर्टर हाताला गारच लागतो. माझ्या कामाच्या आठवड्यात ती ट्रॉली पिकअपला जुन्या पिवळ्या दिव्यांवर फिरली, हे मला आवडलेलं नाही.

दुसरं, आधी विचारायला हवं होतं की दिवे कोण कसे वापरतं. वॉट मी मोजले, तास मोजले नाहीत.

तिसरं अजून सुटलेलं नाही. रिलेमुळे ट्रकला ट्रॉली समजत नाही, हे फायद्याचं म्हणून सांगितलं, पण त्याचीच दुसरी बाजू अशी की ट्रॉलीचा बल्ब किंवा रिले गेला तरी डॅशवर काहीच कळत नाही. मोटरसायकलवाल्याचा प्रसंग डोक्यात असल्यानं मला हे टोचतं. करंट बघणारा एक छोटा सर्किट ब्रेकच्या लाइनवर लावून डॅशवर दिवा द्यायचा विचार आहे, पण तो एलईडीच्या बारीक करंटलाही ओळखला पाहिजे आणि भाड्याच्या ट्रॉलीच्या बल्बलाही, ते जमवतोय.

तोपर्यंत काकांनी ड्रायव्हरला एक शिस्त लावून दिलीय. निघताना एक लाकडी दांडा ब्रेक पेडल आणि सीटच्या मध्ये अडकवायचा, हॅझार्ड लावायचे, खाली उतरून मागे चक्कर मारून यायचं. दांडा केबिनमध्ये सीटला बांधलेला असतो. आणि रिलेच्या डब्याच्या झाकणात आतून काकांनी हातानं काढलेला सर्किटचा नकाशा आहे, मराठीत, वायरीच्या रंगांसकट, लॅमिनेट करून चिकटवलेला. परवा गाडी सर्व्हिसला आली तेव्हा बघितलं, सॉलिड स्टेट रिलेची दुरुस्ती त्यांनी लाल पेननं त्याच्यावर आधीच करून ठेवली होती.